मशागत, वाफसा आणि खिळ्यांचे जोडे

मराठी शेतकऱ्याच्या तोंडी सतत असणारा ‘मशागत’ हा शब्द मूळचा अरबी आहे. अरबी ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट, यातायात. फारसीतून तो दख्खनेत आला, आदिलशाही-निजामशाहीच्या कागदांत वावरला आणि मराठीत रुळताना त्याचा अर्थ आवळला गेला. सगळ्या प्रकारच्या कष्टांतून मराठीने एकच कष्ट वेगळा काढला, जमिनीचा. उर्दूत कैद्यालाही मशक्कत करावी लागते. मराठीत मशागत फक्त मातीची होते. (शरीराची, बुद्धीची मशागत म्हणतो तेव्हा आपण मातीचीच उपमा वापरत असतो.) खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी, शरद आणि वसंत अशा अर्थाचे. जिरायत अरबीतली, बाग फारसीतली. बागवान हा तर आमच्या कोल्हापूर-सांगली भागातल्या एका अख्ख्या समाजाचा व्यवसाय, आणि पुढे आडनावही. हे मी अभिमानाने छाती फुगवून सांगत नाही. भाषा कोण कुठून आणते याला फारसा अर्थ नसतो, ती कशासाठी वापरली गेली याला असतो.

पण मातीच्या कामातला सगळ्यात नेमका शब्द मात्र अस्सल इथला आहे. तो शब्द ‘वाफसा’. कुठे ‘वापसा’ म्हणतात, आमच्याकडे ‘घात’ असेही म्हणतात. पाऊस पडून गेला, वरचे पाणी निचरून गेले, माती ओली आहे पण चिकटत नाही, औत घातले तर ढेकूळ निघत नाही आणि धूळही उडत नाही, अशी जमिनीची अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा चेपला गेला तर अजून ओल जास्त आहे. फुटून भुगा झाला तर घात आली. यापलीकडे उपकरण लागत नाही. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चांगल्या मातीत आकारमानाने साधारण निम्मा भाग घन आणि निम्मा भाग पोकळी असते. त्या पोकळीत पाणी आणि हवा दोघेही नांदत असतील तर मुळांना प्यायलाही मिळते आणि श्वासही घेता येतो. मुळे श्वास घेतात, प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात, हे शाळेच्या पुस्तकात आले त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे त्या अवस्थेला नाव होते.

हे सगळे सुचायला निमित्त नेसरीचे झाले.

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला एकच दिवस आठवतो. २४ फेब्रुवारी १६७४. सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या त्याच बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले होते, शिवाजी महाराजांनी त्याबद्दल कठोर शब्दांत सुनावले होते, आणि तो बोल त्यांच्या जिव्हारी लागला होता. कवितेने आणि गाण्याने ही घटना घराघरांत पोहोचवली. या गावाशी नाते सांगणाऱ्या माझ्यासारख्याला दर फेब्रुवारीत कुणीतरी अर्धवट हसत विचारतोच, “काय, तुमचा खान ना तो?” खान माझा नाही. बहलोलखान विजापूरचा पठाण सरदार होता, त्याच्या बाजूला मराठे लढत होते, महाराजांच्या बाजूला सिद्दी हिलालसारखे मुसलमान सरदार होते, आणि हे इतिहासाच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात मिळते. मला खटकते ते वेगळेच. ज्या गावाने साडेतीनशे वर्षे रोज सकाळी उठून माती कसली, त्याच्या वाट्याला इतिहासातला एकच दिवस यावा आणि तोही मरणाचा. नेसरीच्या कुळवाचा, भाताच्या वाफ्यांचा, मेंढरांच्या वाड्यांचा इतिहास कुणाला लिहावासा वाटत नाही, कारण त्यात बाजू घेता येत नाही.

गडहिंग्लज तालुक्याचा हा दक्षिण-पश्चिम कोपरा. गडहिंग्लज हिरण्यकेशीच्या काठी, तर नेसरीच्या बाजूने घटप्रभा. पश्चिमेला आजरा आणि चंदगड, म्हणजे सह्याद्रीचा पाऊस हाकेच्या अंतरावर. भात हे जुने पीक, मग ऊस आला. भाताच्या बाबतीत या पट्ट्यात दोन परस्परविरोधी रीती शेजारी शेजारी नांदल्या आहेत आणि माझ्या आजच्या विषयाचे मूळ तिथे आहे.

पहिली रीत रोप लावणीची. त्यासाठी चिखलणी करायची, म्हणजे वाफ्यात पाणी कोंडून, बैलांनी आणि आता पॉवर टिलरने माती इतकी घोटायची की तिची रचनाच मोडून जाते. पोकळी बुजते, तळाशी एक घट्ट थर बसतो, पाणी खाली जिरत नाही. थोडक्यात, जमिनीचा श्वास मुद्दाम बंद करायचा. भाताचे झाड हे सहन करते, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात. तण सहन करत नाही, म्हणून ते मरते. दुसरी रीत धूळवाफ पेरणीची. वळवाचे एकदोन पाऊस झाले, मे महिना सरत आला की कोरड्या, भुसभुशीत मातीत कुरीने भात पेरून टाकायचे आणि मृगाची वाट पाहायची. उगवून आले की कोळपणी आणि भांगलण. इथे जमीन मोकळी ठेवायची, तिच्यात हवा खेळती ठेवायची. एकाच गावात एक शेतकरी माती बंद करून भात पिकवतो आणि दुसरा उघडी ठेवून. माती मोकळी करणे म्हणजे नेहमीच चांगले, असा सरसकट नियम या लोकांनी कधी केला नाही. आपल्याला काय हवे आहे ते आधी ठरवायचे, मग कुळव हातात घ्यायचा.

आता खिळ्यांचे जोडे. आमचे एक मामू निवृत्तीनंतर नेसरीला येऊन राहिले. घरामागे गुंठाभर जागेत त्यांनी हिरवळ केली, आणि दोन पावसाळ्यांत ती ठिकठिकाणी पिवळी पडली. पाणी घातले तर वरच साचायचे. त्यांच्या मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून एक वस्तू पाठवली. प्लॅस्टिकचे सपाट तळवे, प्रत्येकाला खालून दोनेक इंचांचे डझनभर खिळे, आणि बुटावर बांधायला पट्टे. हे बांधायचे आणि हिरवळीवरून चालायचे, की जमिनीला भोके पडून मुळांना हवा मिळते, असे डब्यावर चित्र. मामू इमानदारीने गुंठाभर चालले. दर पावलाला पाय उपटून काढावा लागत होता, पट्टे सैल होऊन तळवा तिरका होत होता, आणि कुंपणापलीकडून भांगलणीला निघालेल्या बायका थांबून हे पाहत होत्या. त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली, “चाचा, कुळव मारा की!” यावर हसणे झाले, पण तिच्या वाक्यात या जोड्यांची बरीचशी समीक्षा आली होती.

कुळव आणि खिळा यांत फरक काय? कुळवाची फास मातीच्या आत आडवी सरकते आणि वरचा थर उचलून मोकळा करते. खिळा काहीच उचलत नाही. तो जिथे शिरतो तिथली माती बाजूला आणि खाली ढकलतो. भोक पडते हे खरे, त्यातून दोन-चार दिवस पाणीही आत जाते, पण भोकाच्या भिंती आणि तळ आधीपेक्षा घट्ट होतात. चिकण माती असेल तर आणखीच. शिवाय भोकाशेजारी तुमचे सगळे वजन तळव्यातून जमिनीवर आहेच. म्हणून गोल्फच्या मैदानांची निगा राखणाऱ्यांनी भरीव खिळ्यावर भिस्त ठेवली नाही. अमेरिकेत टॉम मस्कारो याने १९४६ मध्ये जे यंत्र आणले त्याचे दात पोकळ, चमच्यासारखे होते. ते मातीचा तुकडा कापून वर काढून टाकतात आणि जमिनीत खरी रिकामी जागा उरते. पुढे त्यात वाळू किंवा कुजलेले खत भरले की ती जागा लवकर बुजत नाही. हिरवळीसाठी आजही जाणकार हाच सल्ला देतात. भरीव खिळा रेताड आणि आधीच बऱ्यापैकी मोकळ्या जमिनीत थोडाफार उपयोगी, कठीण जमिनीत त्याचा आव जास्त.

याहून मोठा पुरावा आपल्या धरणांवर आहे. मातीचा बांध घालताना भर दाबण्यासाठी जो रोलर फिरवतात त्याच्या लोखंडी पिंपावर सगळीकडे खुंट असतात. त्याचे नावच ‘मेंढीच्या खुरांचा रोलर’ असे आहे. सपाट रोलर फक्त वरचा पापुद्रा दाबतो. खुंटांचा रोलर खुंट आत रुतवून थर खालून वर घट्ट करत येतो, इतका की बांधातून पाणी झिरपू नये. म्हणजे मातीत खिळा खुपसणे या एकाच क्रियेतून एकाला बंद जमीन हवी असते आणि दुसऱ्याला उघडी. वजन, ओल आणि किती वेळा फिरवले, यावर निकाल ठरतो. मेंढरांचे कळप शेतात बसवणाऱ्या धनगरांना हे सांगायची गरज नव्हती. कोरड्या रानात मेंढरे बसली तर खुरांनी वरची खपली फुटते आणि लेंड्या-मूत मातीत मिसळते. ओल्या रानात तीच मेंढरे जमिनीचे काँक्रीट करून ठेवतात. म्हणून वाडा कुठे आणि कधी बसवायचा हे ठरवताना पावसाकडे पाहायचे.

पायाला खिळे बांधायची कल्पना जुनी आहे, फक्त ती मातीसाठी नव्हती. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या सेव्हेन आणि आर्देश या डोंगरी भागांत चेस्टनट धुरावर वाळवून साठवत. ही फळे म्हणजे गरिबाची भाकरी. वाळलेल्या फळांची टरफले काढण्यासाठी लाकडी जोड्यांच्या तळाला लांब लोखंडी दाते बसवलेले असत. ते घालून गडी फळांच्या ढिगात पाय आपटत उभे राहत. टोरांटोच्या पादत्राणांच्या संग्रहालयात असा एक जोड आहे आणि तो पाहणाऱ्या अनेकांना ते छळाचे साधन वाटते. कामाची वस्तू संदर्भातून उचलली की तिचे असेच होते.

मुळात ही हिरवळ आली कुठून, हे पाहिल्याशिवाय तिच्या आजारपणाचा उलगडा होत नाही. इंग्लंडच्या ओलसर, थंड हवेत आखूड गवत वर्षभर हिरवे राहते. श्रीमंतांच्या वाड्यांपुढे ते मेंढ्यांकडून किंवा कोयत्यांनी कापून घेत. १८३० मध्ये स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने गवत कापायचे यंत्र काढले. ती कल्पना त्याला कापडगिरणीतल्या लोकरीचे तुरे छाटणाऱ्या यंत्रावरून सुचली. पुढे मोठी यंत्रे घोडे ओढू लागले तेव्हा हिरवळीवर टाप उमटू नये म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत. माणसाला खिळ्यांचे जोडे घालायच्या आधी घोड्याला बिनखिळ्यांचे बूट घालावे लागले, हा इतिहास मला फार आवडतो. साहेबाबरोबर ही हिरवळ हिंदुस्थानात आली, क्लब, रेसिडेन्सी आणि कंपनी बागांतून पसरली.

ताजमहालापुढची विस्तीर्ण हिरवळ पाहून आपण ‘मुघल बाग’ म्हणतो. ती मुघलांची नाही. चारबाग म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली बाग, ज्यात फळझाडे, फुलझाडे आणि सावली. त्या बागेतून उत्पन्नही यायचे. ताजचा आजचा मोकळा, सपाट, गवताळ चेहरा लॉर्ड कर्झनच्या काळातल्या दुरुस्तीने आला. ते काम १९०८ मध्ये संपले. इमारत दुरून नीट दिसावी, इंग्रजी उद्यानासारखी नजर मोकळी फिरावी, ही त्यामागची दृष्टी. आपल्यातले काहीजण ताजवरून भांडतात तेव्हा ज्या गवतावर उभे राहून भांडतात ते गवत तिसऱ्याच कुणाचे असते.

आणि आपल्याकडे त्या हिरवळीला लावायचे कोणते गवत? बहुतेक ठिकाणी हरळी. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच, बाहेरच्या जगात हिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि हिच्या सुधारित जाती गोल्फच्या मैदानांवर मिरवतात. शेतकऱ्याला विचारा. काळ्या रानात हरळी शिरली म्हणजे घरात सावकार शिरला. कुंद्यासारखीच ती जमिनीखाली गाठी-मुळ्यांनी पसरते, वरून कापली तर दुप्पट येते, आणि ती काढायला पहार घेऊन हातभर खोल खणावे लागते. पूजेत पवित्र, रानात शत्रू, बंगल्यात शोभा. मामूंनी रोपवाटिकेतून पैसे देऊन हरळीचे गादीवाफे आणले तेव्हा त्यांच्या शेजाऱ्याला जे वाटले ते मी इथे लिहीत नाही.

गवत आणि हवा यांचे नाते हिंदुस्थानातच एका माणसाने बारकाईने तपासले. आल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत आला. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि बरेचसे काम दोघांचे मिळून आहे. पुसाला त्यांनी फळझाडे लावली, काहींखालची जमीन स्वच्छ ठेवली, काहींखाली गवत वाढू दिले. गवताखालची झाडे खुरटली, काही मेली. इंग्लंडमध्ये असेच दिसले होते आणि गवताच्या मुळांतून विष पाझरते असा तर्क तिथे निघाला होता. हॉवर्डने वेगळे पाहिले. त्याने काही गवताळ ओळींमध्ये चर खणून विटांच्या तुकड्यांनी भरले, म्हणजे जमिनीला नाकपुड्याच दिल्या. गवत तसेच होते, तरी त्या झाडांची अवस्था सुधारली. १९२५ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. गवत झाडाला मारते ते वरून हवा अडवून, आणि पावसाळ्यात जमिनीतली हवा कर्बवायूने कोंदते तेव्हा सर्वाधिक. पुढे १९२४ ते १९३१ तो इंदूरला होता, तिथली खत करायची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. इथले शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले प्राध्यापक, असे तो म्हणत असे. साम्राज्याच्या नोकरीत राहून असे म्हणायला मन मोठे लागते. मात्र त्या प्राध्यापकांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला ठाऊक नाही.

हॉवर्डच्या कितीतरी आधी हा विषय अरबीत लिहिला गेला होता. अकराव्या शतकात तोलेदोच्या राजाची बाग सांभाळणारा इब्न बस्साल हा हाताने काम करणारा बागवान होता. त्याच्या ‘किताबुल-फिलाहा’त जमिनीचे दहा प्रकार सांगितले आहेत. १०८५ मध्ये तोलेदो ख्रिश्चन राजाच्या हाती गेले आणि तो सेव्हिलला निघून गेला. तिथेच शंभरएक वर्षांनी इब्न अल-अव्वाम याने त्याच नावाचा मोठा ग्रंथ रचला. जमीन नांगरून ऊन आणि हवेला उघडी करणे, ओल पाहून नांगर घालणे, खत कुजवणे याची त्यात तपशीलवार चर्चा आहे. १८०२ मध्ये माद्रिदला स्पॅनिश भाषांतर छापले गेले, कारण तिथल्या सरकारला शेती सुधारायची होती. हिंदुस्थानात दारा शिकोहच्या नावावर फारसीतले शेतीवरचे एक बाड आहे. उपनिषदांचे भाषांतर करवणारा दारा आपल्या लक्षात राहिला. खतपाण्याचे फारसी बाड कुणी चाळत नाही. मुसलमानांच्या इतिहासाविषयी लिहिताना तलवार आणि तख्त यांतून आपल्यालाही बाहेर पडता येत नाही, हे मी आमच्याच लोकांना सांगतो आहे.

परत आपल्या भागाकडे. नेसरीहून बेळगाव जवळ. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जायचा, हरळी उपटायचा. पण नांगर विकला जाईना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, असे शेतकरी म्हणत. आपण शाळेत हे शेतकऱ्याच्या अडाणीपणाचे उदाहरण म्हणून ऐकले. पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली, पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, आणि लोखंडी नांगर घरोघर गेला. तोफांचे नांगर झाले, याचे कौतुक व्हायलाच हवे. तरीही शंभर वर्षांनी मागे पाहताना तो जुना संशय अगदीच वेडा वाटत नाही. दरवर्षी खोल नांगरल्याने सेंद्रिय कर्ब उडून जातो, आणि नांगराच्या तळाखाली एक घट्ट थर बसतो. कोल्हापूरचेच प्रताप चिपळूणकर अनेक वर्षे विनानांगरणी शेती करून हेच सांगत आले आहेत. मागच्या पिकाचे बुडखे आणि मुळे जमिनीतच कुजू द्या, त्यांच्या जागी ज्या नळ्या उरतात त्याच हवेच्या वाटा.

कर्जतजवळ नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी हाच विचार ‘सगुणा राइस टेक्निक’ म्हणून बसवला. चिखलणी नाही, गादीवाफे एकदाच करायचे, कापणीनंतर मुळे आत ठेवायची, पुढचे भात त्याच वाफ्यावर टोकायचे. आणि टोकणीसाठी त्यांनी जे अवजार वापरले ते पाहून मला मामूंचे जोडे आठवले. लोखंडी चौकट, तिला खाली ठरावीक अंतरावर खुंट. ती ओल्या वाफ्यावर दाबायची की सारख्या अंतरावर खड्डे पडतात, प्रत्येकात दाणे टाकायचे. खिळेच आहेत, पण त्यांच्याकडून जमीन भुसभुशीत होण्याची अपेक्षा कुणी करत नाही. ते काम कुजणाऱ्या मुळांवर आणि गांडुळांवर सोपवलेले आहे. डार्विनने आयुष्याच्या शेवटी, १८८१ मध्ये, गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले ते उगीच नाही.

मामूंच्या हिरवळीचे पुढे असे झाले की वाफसा बघून पहारीने वीतभर अंतरावर छिद्रे केली, पहार आत घालून किंचित हलवायची, म्हणजे भिंती दाबल्या न जाता माती जरा उचलली जाते. छिद्रांत नदीची वाळू आणि चाळलेले शेणखत भरले, आणि रोज थोडे पाणी द्यायचे सोडून आठवड्यातून दोनदा भरपूर द्यायला लागले. ही अक्कल पुस्तकातली नव्हती, त्याच कुंपणापलीकडच्या बाईंची होती. त्यांना मजुरी मिळाली, जोड्यांच्या किमतीहून कमी.

मातीत हवा खेळती ठेवायची सगळ्यात नियमित मेहनत मी पाहिली ती मात्र शेतात नाही, तालमीत. कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या तालमीत पहाटे जा. तालीम अरबी, पैलवान, कुस्ती आणि खुराक फारसी, वस्ताद म्हणजे उस्ताद, आणि ज्यात कुस्ती धरतात तो हौद पुन्हा अरबी. हौदातली तांबडी माती चाळून घेतलेली असते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव घालतात. रोजच्या झटापटीने ती दाबली जाते, आणि दाबलेल्या मातीवर पाठ आपटली तर बरगडी जाते. म्हणून लढायच्या आधी पोरे फावडी घेऊन हौद उकरतात, खालची माती वर आणि वरची खाली. हा व्यायामही असतो आणि मशागतही. उकरणारा कोण आणि उद्या त्या मातीवर पाठ टेकणारा कोण, हे आडनावावरून ठरत नाही. शाहू महाराजांनी रोमचे खुले रंगमंडल पाहून बांधवलेल्या खासबाग मैदानावर पंजाबचे मुसलमान मल्ल आणि इथले मराठे मल्ल लढले ते याच उकरलेल्या मातीवर.

आता ‘महाराष्ट्र केसरी’त माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. ऑलिंपिक गादीवर होते, म्हणून पोरांना गादी हवी असते आणि त्यात त्यांचे चूक नाही. गादीला ताक लागत नाही, ती पुसली की झाले. गडहिंग्लज भागातल्या एका तालमीत गेल्या वर्षी गेलो तेव्हा अर्ध्या जागेत गादी अंथरलेली होती आणि अर्ध्या जागेत हौद होता. वस्ताद दोन पोरांना हौद उकरायला लावत होते. एकाने दोन फावडी मारून कपाळ पुसले तेव्हा ते म्हणाले, “अजून खाली घे. वरवर खाजवून माती मऊ होत नाही.”